डागबाई आणि मास्तरांचं जू

लग्न कसं झालं हे कुणाला खरोखर जाणून घ्यायचं असेल तर त्याने फोटो बघू नयेत. त्याने सुट्टीनंतरच्या सकाळी लॉन्ड्रीत जावं आणि मागच्या खोलीत डागबाईच्या टेबलाशी उभं राहावं. नाकाला रुमाल मात्र लावून.

नवऱ्यामुलाचा कोट आला की काखेत पिवळी वर्तुळं आणि कॉलरवर मानेचा तेलकट मळ असणारच. खिशात हात घालायच्या आधी ती रबरी हातमोजे चढवायची, कारण आत काय निघेल याचा नेम नसे. चघळून कागदी रुमालात गुंडाळलेलं च्युइंगम, दाबून भाकरीसारखा झालेला केक, आणि एकदा कोंबडीचं चोखलेलं हाड. खाणाऱ्याला ते टाकायला जागा सापडली नसेल, म्हणून त्याने ते छातीशी जपलं. नवरीच्या झग्याची तर गोष्टच सोडा. वरून पांढराशुभ्र, देवदूत जणू. आणि घेर उलटा करून बघाल तर हॉलच्या फरशीवर रात्रभर जे जे सांडलं, थुंकलं आणि ओकलं गेलं, ते सगळं पुसून घरी आणलेलं.

तिला डागबाई हे नाव शेजारच्या टेबलावरच्या इस्त्रीवालीने ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की मालकीणसुद्धा त्याच नावाने हाक मारायची. डाग कशाचा आहे हे ती वासावरून सांगायची. दारूचा, चहाचा, रक्ताचा, तुपकट हातांचा. मग त्याप्रमाणे बाटली उचलायची, वाफेची नळी खाली ओढायची आणि हाडाच्या चपट्या पट्टीने डाग खरवडत बसायची. लोक म्हणत, इतकी वर्षं हेच काम करता, आता सवय झाली असेल. सपशेल खोटं. किळसेची सवय होत नसते. फक्त चेहऱ्यावर न दाखवण्याची सवय होते, आणि ती सवय डागबाईला घरीही उपयोगी पडत असे.

घरी मास्तर होते.

मास्तर स्पॅनिश शिकवत. लॉन्ड्रीच्या वरच्याच मजल्यावर दोन खोल्यांत त्यांचा वर्ग चालायचा. लग्नाआधी ते आपला खडूने माखलेला कोट खाली टाकून जायचे आणि घ्यायला आले की काउंटरला रेलून गप्पा मारायचे. तेव्हा डागबाई भावाकडे राहत होती. वहिनीच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली अंथरूण टाकून. अशा बाईसमोर एका संध्याकाळी हा माणूस म्हणाला, "स्पॅनिशमध्ये लग्न करण्याला 'कासार्से' म्हणतात, माहीत आहे? 'कासा' म्हणजे घर. लग्न करायचं म्हणजे घर करायचं. बस, एवढंच."

एवढंच ऐकून ती पाघळली. लोक दागिन्यांना भुलतात, रूपाला भुलतात. ही बया एका क्रियापदाला भुलली.

नंतर कधीतरी, लग्न होऊन मुलगी रांगायला लागल्यावर, मास्तरांनी जाता जाता सांगितलं की मूळ लॅटिनमध्ये 'कासा' म्हणजे काही मोठं घर नव्हे, साधी झोपडी. तिला हे आधी सांगितलं असतं तरी तिने होच म्हटलं असतं. झोपडीला तिची ना नव्हती. त्या झोपडीत केर काढायला, दिवे लावायला आणि नळ गळायला लागला तर माणूस बोलवायला एकच जण असणार आहे, हे मात्र सांगायला हवं होतं. लॅटिनमध्ये त्याला शब्द असेलच. मास्तरांनी तो कधी शोधला नाही.

आता मास्तर वाईट होते का? नाही, आणि हीच तर पंचाईत होती. त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. सगळ्या जगाशी लोण्यासारखे. पण जेवण झालं की हात कोटाच्या मागच्या बाजूला पुसायचे. पायाची नखं बैठकीत कापायचे आणि ती चहाच्या बशीत ठेवून द्यायचे. दाढी केल्यावर बेसिनमध्ये केसाळ फेस तसाच. काही सांगितलं की हसून म्हणायचे, "अगं, डागबाई ना तू!" आणि पुन्हा पुस्तकात डोकं. परक्यांची घाण दिवसभर उपसून आलेल्या बाईला हे वाक्य कसं लागत असेल, याचा विचार शब्दांची मुळं खणणाऱ्या त्या माणसाला शिवला नाही.

मास्तरांचं खरं नाव झालं ते लग्नातल्या भाषणाने. वस्तीत, वर्गात, नात्यागोत्यात कुणाचंही लग्न असो, जेवणाआधी मास्तरांचं भाषण ठरलेलं. विषय एकच: स्पॅनिशमधले लग्नाचे शब्द लॅटिनमधून कसे आले. ऐकणाऱ्यांना ना स्पॅनिश येत होतं ना लॅटिन, पण मास्तर रंगवून सांगायचे. लग्नसोहळ्याला 'बोदा' म्हणतात, तो शब्द 'वोता'वरून आला, म्हणजे देवापुढे बोललेले नवस. 'एस्पोसो' आणि 'एस्पोसा' हे नवराबायको आले 'स्पोन्देरे'वरून, म्हणजे वचन देणं. 'नोविया' म्हणजे नवरी, आणि त्याच्या मुळाशी 'नोवुस', नवा. "आपलं 'नव' आणि त्यांचं 'नोवुस', सख्खे चुलत भाऊ!" असं म्हणून ते टाळीसाठी थांबायचे, आणि टाळी मिळायची. बोलता बोलता त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांत पांढरा फेस जमायचा. पुढच्या टेबलावर बसलेल्या डागबाईला फक्त तो फेस दिसायचा. तो फुटून नवरीच्या झग्यावर कधी उडेल याची ती वाट बघायची. उद्या तो झगा तिच्याकडेच यायचा असे.

मग यायचं 'मात्रिमोनियो'. 'मातेर' म्हणजे आई, त्यावरून लग्नाचा शब्द. आणि 'पातेर' म्हणजे बाप, त्यावरून 'पात्रिमोनियो', म्हणजे वडिलोपार्जित मालमत्ता. "बघा मंडळी, आईच्या वाट्याला लग्न आलं, बापाच्या वाट्याला इस्टेट!" इथे सगळे बाप्ये खिंकाळायचे. सगळ्या बायकाही हसायच्या, नवऱ्याकडे बघत बघत, हसायला परवानगी आहे ना याची खात्री करून घेत.

आणि शेवटी जू.

"पण खरा शब्द वेगळाच," मास्तर आवाज खाली आणायचे. "'कोन्युखे'. पती किंवा पत्नी, दोघांनाही एकच शब्द. 'कोन' म्हणजे बरोबर, 'युगुम' म्हणजे जू. आपलं बैलाच्या मानेवरचं जू, तेच हे. एका जुवाला जुंपलेले दोघे! कसे चालतात बघायचंय?" मग लोक ओरडायचे, बघायचंय, बघायचंय. मास्तर सोनेरी रंगवलेलं एक लांब दांडकं काढायचे, डागबाईला बोलवायचे, दांडकं दोघांच्या मानेमागे आडवं ठेवायचे आणि दोघं हॉलभर एक फेरी मारायची. लोक टाळ्यांचा ठेका धरायचे. मुलं मागे धावायची.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा दांडकं पडद्याचं होतं आणि ती खरोखर हसली होती. तरुण होती, नवऱ्याचं कौतुक होतं. पुढे मास्तरांचा गुडघा धरायला लागला. फेरी सुरू झाली की ते हळूहळू दांडक्यावर भार टाकायचे. आधी थोडा, मग निम्मा, मग सगळाच. पाय नुसते फरशीवरून ओढत न्यायचे आणि वर मान ताठ ठेवून दोन्हीकडे हसत नमस्कार करायचे. त्यांची घामेजलेली काख तिच्या खांद्याला चिकटलेली, तोंडाचा वास कानाशी, आणि मानेवर अख्खा नवरा. ती पण हसायची. दात दाखवायची, खरं म्हणजे. घरी आल्यावर मान शेकत बसायची आणि कोटाच्या पाठीला पुसलेलं तेल काढायची.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा हे असं चाललं होतं.

मुलगा मास्तरांचाच विद्यार्थी. सरळ, कामसू, एका छापखान्यात नोकरीला. दोष म्हणावा तर एकच. मास्तर काहीही बोलले की तो "हो मास्तर" म्हणायचा. ऊन आहे म्हणाले तरी हो मास्तर, पाऊस आहे म्हणाले तरी हो मास्तर. लॉन्ड्रीत त्याचं नावच हो-मास्तर पडलं होतं. लेकीला तो आवडला होता आणि डागबाईने मनातलं नाक मनातच मुरडलं.

एके दुपारी लेक लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत आली. तिच्या लग्नाचा झगा डागबाईने स्वतः टांगून वाफेवर धरला होता. अजून कोरा होता, कुणाचं काही न लागलेला.

"आई, बाबांनी आणि त्याने काय ठरवलंय माहीत आहे?" लेक म्हणाली. "या वेळी फेरी चौघांची. आधी तुम्ही दोघं, मग तेच दांडकं आमच्या मानेवर. म्हणे जू पुढच्या पिढीला सुपूर्द करायचं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी त्याला म्हटलं, मला नाही आवडत. तर म्हणतो, दोन मिनिटांची तर गंमत, मास्तरांचं मन कशाला मोडायचं. आई, मला ते नाही करायचं. मी लहानपणापासून बघतेय. तू परत जागेवर येऊन बसायचीस तेव्हा तुझा चेहरा..." लेकीने झग्याची बाही उगाचच सरळ केली. "तो चेहरा मला नकोय. आणि भर मांडवात नाही म्हणायची माझी हिंमत पण नाही."

डागबाईने वाफ बंद केली. इतकी वर्षं आपला चेहरा आपण चांगला सांभाळला, अशी तिची समजूत होती.

"तुझ्या मानेवर ते दांडकं येणार नाही," ती म्हणाली. "ते माझ्यावर सोड."

घरी मास्तर पाय वर घेऊन नखं कापत बसले होते. तिने सरळच विषय काढला. "अहो, लेकीच्या लग्नात ते जू नको. शब्दांचं काय सांगायचं ते सांगा. दांडकं नको."

"का गं? लोक वाट बघतात त्याची."

"लेकीला नको आहे."

मास्तर एकदम साध्या आवाजात, भाषणाचा रंग उतरवून बोलले, "अगं, शब्द कोण ऐकतंय? मला काय कळत नाही? मी 'स्पोन्देरे' म्हणतो तेव्हा माणसं जेवण कुठपर्यंत आलं ते बघत असतात. ते दांडकं काढलं की माना वळतात. ते नसेल तर मला कोण बोलावणार?"

तिला क्षणभर त्यांची दया आली. खरंच आली. वाटलं, बिचारा, आयुष्यभर ज्यावर प्रेम केलं ते कुणाला नको आहे हे याला ठाऊक आहे. तेवढ्यात त्यांनी अंगठ्याचं नख तोडलं, उडालेला तुकडा शोधून बशीत ठेवला आणि म्हणाले, "बघू." मास्तरांचं 'बघू' म्हणजे काय हे तिला व्युत्पत्तीशिवाय कळत होतं. दया जशी आली तशी गेली. बशी उचलून तिने मोरीत आदळली.

लग्नाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. सह्या झाल्या, हार झाले, फोटो झाले. मास्तर नवा कोट घालून उभे राहिले. दांडकं धरायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून हॉलवाल्याने त्यांच्या कॉलरला छोटा माइक अडकवून दिला. झोपडी झाली, नवस झाले, वचन झालं. इस्टेटीवर बाप्ये खिंकाळले. ओठांच्या कोपऱ्यात फेस जमला. मग आवाज खाली आला, आणि टेबलाखालून सोनेरी दांडकं बाहेर आलं.

"या, आमच्या कोन्युखे!"

डागबाई जागची हलली नाही. "आज मी येणार नाही," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण पुढच्या टेबलांना ऐकू जाईल असं.

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. मास्तर एक क्षण अडखळले, पण भाषणात मुरलेला माणूस, अडून कसला राहतो. "बघा मंडळी, जुना बैल बसला! काही हरकत नाही, घरची कालवड आहे की! ये गं बाळ, आज बापाच्या जोडीला तू!"

कालवड. स्वतःच्या लेकीला, तिच्या लग्नात, भरल्या हॉलमध्ये. आणि त्याहून वाईट म्हणजे डागबाईला आपली चूक लख्ख दिसली. आपण नाही म्हटलं तर ओझं नाहीसं होईल, असं ती धरून चालली होती. ते नुसतं शेजारच्या मानेकडे सरकलं. हो-मास्तर टाळ्या वाजवत होता. सगळा हॉल ठेका धरत होता. लेकीने एकदा आईकडे पाहिलं, झग्याचा घेर गोळा केला आणि उठायला लागली. चेहऱ्यावर हसू आणलेलं होतं. अगदी तेच, दात दाखवणारं.

डागबाई उठली. इतक्या झटकन की खुर्ची मागे पडली. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तिने तिला परत खाली बसवलं आणि मास्तरांकडे गेली. मास्तर खुशीत आले. आली बघा शेवटी. त्यांनी दांडक्याचं टोक तिच्याकडे केलं. तिने ते घेतलं आणि हो-मास्तरकडे वळली.

"जावईबापू, आज तुमचा मान. मास्तरांचे शिष्य ना तुम्ही? मग जोडीला तुम्हीच शोभाल."

"हो... हो मास्तर!" तो बावरून तिलाच म्हणाला. हॉल खदखदला. पण चेहरा मात्र त्याचा खुलला होता. गुरूच्या जोडीने फेरी, म्हणजे त्याच्या लेखी बक्षीसच. तो धावत आला, मान वाकवून उभा राहिला. डागबाईने दांडकं दोघांच्या मानेमागे नीट बसवलं आणि बाजूला झाली.

फेरी सुरू झाली. पहिल्या टेबलापाशी दोघं हसत होते. दुसऱ्या टेबलापाशी मास्तर दोन्हीकडे नमस्कार करू लागले आणि सवयीने गुडघा सैल सोडला. हो-मास्तरचं हसू तसंच राहिलं, पण मानेची शीर वर आली. पुढे तो लाल झाला. खांदा खाली गेला, पाय फाकले. त्याने एकदा मास्तरांच्या पायांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. मास्तर मान ताठ ठेवून हसत होते आणि त्यांचे बूट फरशीवरून नुसते घासत येत होते.

हो-मास्तर थांबला. बापडा काही मुद्दाम बोलायला गेला नाही. दम लागला होता आणि तोंड मास्तरांच्या कॉलरपाशी होतं, म्हणून ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"मास्तर, तुम्ही चालत नाही आहात. तुम्ही लटकताय."

टाळ्यांचा ठेका दोनचार जागी चालू राहिला, मग विस्कटला. "अरे, गुडघा, गुडघा माझा," मास्तर हसत पुटपुटले. तेही सगळ्यांना ऐकू गेलं. मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, बायकोवर पण असंच टाकता काय?" लोक हसायला लागले आणि हसता हसता मधेच थांबले. एकेक करून माना डागबाईकडे वळल्या. ज्या बायका नवऱ्याकडे बघून हसायच्या, त्या आता कुणाकडेच बघत नव्हत्या.

हो-मास्तरने मान सोडवून घेतली. दांडक्याचं दुसरं टोक मास्तरांच्या हातात राहिलं. जावयाची मान दांडक्याने घासून लाल झाली होती. तो खुर्चीत बसलेल्या लेकीकडे गेला नाही, आधी डागबाईकडे आला, अगदी जवळ. तोवर तो तिला काकू म्हणत असे.

"आई," तो म्हणाला, "हे दर वेळी असंच?"

"दर वेळी."

"मग कधी बोलला का नाहीत?"

डागबाईने हॉलभर नजर फिरवली. हे सगळे लोक तिच्या ओळखीचे होते. कुणाच्या कोटाच्या कुठल्या खिशातून काय निघतं हेही तिला ठाऊक होतं.

"मला वाटायचं, सगळ्यांना दिसतंय," ती म्हणाली. "दिसतंय, आणि तरी हसतायत."